विहीणबाई हवा मोजायला येतात

प्रताप नगर, नागपूर
६ एप्रिल २०२५

सौ. प्रेमिलाताई यांस
सप्रेम नमस्कार.

मायाच्या नामकरणाच्या दिवशी आपण दोघींनी एकमेकींशी जन्मात बोलणार नाही असं सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, त्याला आता चार वर्षं होत आली. मी शब्दाची पक्की आहे. पण लिहिण्याबद्दल त्या दिवशी कुणी काही म्हणालं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. पत्र तुमच्या अश्विनच्या हाती देते. जावईबापू रोज बँकेत पारशिवनीला जाताना तुमच्या टोलीच्या वस्तीवरूनच जातात, त्यांना वाट वाकडी करावी लागणार नाही. पाकिटाला स्टेपलरच्या तीन पिना मारल्या आहेत. मोजून घ्याव्यात.

मुद्द्यावर येते. चौदा तारखेच्या जयंतीसाठी मायाला चार दिवस तुमच्याकडे पाठवायचं, असं रितिका आणि जावईबापूंनी ठरवल्याचं कळलं. आजी म्हणून मला कुणी विचारलं नाही, ते असो. मागच्या खेपेला पोरगी तुमच्याकडून आली ती खोकतच आली. नाक शिंकरलं तर रुमालावर काळं. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा. तुमच्या दारासमोर तर अख्खा कोळशाचा डेपो आहे. तेव्हा मायाला पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि रितिकाला मी ते तसंच सांगितलं आहे.

यातून भलता अर्थ काढू नये. प्रश्न फक्त हवेचा आहे. हवेला जातपात नसते.

ह्यांनी धोंडबा व्याह्यांना नमस्कार सांगितला आहे.

आपली
कौशल्या


जुनी टोली, पारशिवनी रोड
९ एप्रिल

कौशल्याबाई विहीणबाईले प्रेमिलाचा जयभीम.

पत्र भेटलं. पिना तीनच होत्या. अश्विननं पाकीट उघडलं नाही, पण उन्हाले धरून पाहिलं असन, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

हवेले जात नसते, हे तुमचं खरं आहे. पण डेपो कुठं टाकायचा हे ठरवणाऱ्याले आमचा पत्ता बरोबर माहीत होता. वीस वर्षांआधी हा डेपो गावाच्या वरच्या अंगाले होणार होता, संत्र्याच्या बगिच्याजवळ. गावानं ठराव केला का धूळ होईन, इकडे नाही पाहिजे. मंग तो उतरून खाली आला, आमच्या टोलीसमोर. आमाले ठराव कोणी विचारला नाही. आन् वारा बी वरून खालीच येते. त्याले कोणी शिकवलं कोण जाणे.

मायासाठी जयंतीचा पांढरा फ्राक शिवला होता. शिवला तवापासून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवला आहे, काहून का इथं पांढरं कापड दोन घंट्यात उंदराच्या रंगाचं होते. म्हणजे तुमी धुळीचं लिहिलं ते खोटं नाही, मले बी समजते. पण नामकरणाले तुमी आमच्या घरी प्यायच्या पाण्याची बाटली सोबत घेऊन आल्या होत्या. तवा पाणी खराब होतं, आता हवा खराब आहे. उद्या म्हणान, तुमच्याइकडचं ऊन बी बरं नाही.

आन् भांडण मी नाही सुरू केलं. माया नाव ठेवलं तर तुमी म्हणे, मायरा ठेवा, मॉडर्न वाटते.

एकदा येऊन तर पाहा.

तुमची
प्रेमिला


प्रताप नगर
१६ एप्रिल

सौ. प्रेमिलाताई यांस
नमस्कार.

बाटलीचा उल्लेख अनावश्यक होता. मी सगळीकडेच बाटली नेते. (हे वाचून ह्यांनी खाकरलं, म्हणून दुरुस्ती करते: बऱ्याच ठिकाणी नेते.)

माया जयंतीला आली नाही म्हणून तुम्ही दिवसभर जेवला नाहीत, असं जावईबापूंकडून कळलं. उपाशी राहून हवा सुधारत नाही. तेव्हा मी शास्त्रीय मार्ग काढला आहे. मारोतरावांना, म्हणजे ह्यांना, निवृत्त झाल्यापासून मोजायचा नाद आहे. रक्तदाब मोजून झाला, साखर झाली, चाललेली पावलं झाली, नळाच्या पाण्यातले क्षार झाले. हवाच तेवढी राहिली होती. आता त्यांनी हवा मोजायचं यंत्र मागवलं आहे. त्यात आकडा येतो. पन्नासच्या आत असला तर हिरवा दिवा, मग पिवळा, आणि फारच वाईट असेल तर लाल दिवा लागून यंत्र ओरडतं. आमच्या घरी तपासून पाहिलं. आकडा समाधानकारक आला.

सोमवारी, २१ तारखेला, आम्ही दोघं तुमच्याकडे येऊ. आकडा हिरवा आला तर मी मायाच्या आड येणार नाही. लाल आला तर तुम्ही आग्रह धरायचा नाही. यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं.

मी अर्थातच तुमच्याशी बोलणार नाही. काही विचारायचं असेल तर ह्यांच्यामार्फत विचारीन.

कौशल्या


जुनी टोली
१८ एप्रिल

विहीणबाईले जयभीम.

या. जेवून जा लागन. पाटोडीचा रस्सा करते. पाणी तुमचं तुमी आणा.

यंत्र तुमच्या घरी समाधानकारक बोललं म्हणता. रितिका तर सांगत होती, तुमी ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या आन् ते एवढं ओरडलं का शेजारचे गॅस लिक झाला म्हणून जिन्यानं खाली पळाले.

येतानी गाडीच्या काचा बंद ठेवा. डेपोचे ट्रक उघडेच धावतात.

प्रेमिला


प्रताप नगर
२२ एप्रिल

सौ. प्रेमिलाताई यांस
सप्रेम नमस्कार.

कालच्या पाहुणचाराबद्दल आभार. रस्सा उत्तम होता. आता स्पष्ट लिहिते, राग मानू नये.

तुमच्या पत्रांवरून मी डेपोची काहीतरी भयंकर कल्पना केली होती. प्रत्यक्षात काय पाहिलं? आमची गाडी टोलीच्या तोंडाशी थांबली. मी काळा चष्मा आणि मास्क लावून उतरले. वारा घ्यायला हातात एक फाईल होती. हे उन्हाची टोपी घालून यंत्र काढत होते. इतक्यात डेपोतून सुमंत नावाचे एक गृहस्थ धावतच आले. तिथले मॅनेजर. इतका नम्र माणूस मी अलीकडे पाहिला नाही. "या मॅडम, या साहेब," करत खुर्च्या आणल्या, शहाळी आणली. "मॅडम, किती वेळ थांबणार?" मी म्हटलं, "आकडा मिळेपर्यंत." लगेच त्यांनी टँकर बोलावून सगळीकडे पाणी मारलं. ट्रक ताडपत्र्या घालून ओळीत उभे. धुळीचा कण नाही. एवढ्या शिस्तीच्या डेपोला तुम्ही नावं ठेवता याचं आश्चर्य वाटलं.

आणि तुमच्या अंगणात आकडा किती आला? शेहेचाळीस. हिरवा. आमच्या स्वयंपाकघरात इतका कधीच आला नाही. (मागच्या पत्रातलं "समाधानकारक" आता सोडून द्यावं.)

जेवताना जे झालं त्यात माझी चूक नाही. तुम्ही व्याह्यांना म्हणालात, "विचारा त्याहिले, अजून रस्सा वाढू का." मी ह्यांना म्हटलं, "सांगा त्यांना, हवा." तर ह्यांनी यंत्र उचलून "शेहेचाळीस" असं सांगितलं, आणि मला रस्सा मिळाला नाही.

तुम्ही मात्र स्वयंपाकघरात, दाराआड जाऊन खोकत होतात. बराच वेळ. हवा हिरवी असताना खोकला येतो, त्याअर्थी तो कोळशाचा नाही. चुलीचा धूर असणार. तेवढं पाहा.

मी शब्दाला जागते. येत्या शनिवारी मायाला घेऊन जावं. आठ दिवस राहू द्या.

आपली
कौशल्या


जुनी टोली
२४ एप्रिल

विहीणबाईले जयभीम.

तुमचं पत्र मी यमुताईले वाचून दाखवलं. यमुताई म्हणजे माझ्या बाजूच्या घरची, तुमाले दारात लोटा घेऊन भेटली होती ती. आमी दोघी एवढ्या हासलो का मले खोकल्याची उबळ आली आन् तिले उचकी लागली.

अवो, तुमाले ते साहेब समजले!

तुमची गाडी थांबली तवा सुमंतनं यमुताईले विचारलं, "कोण आहे वं ह्या?" यमुताई म्हणाली, "नागपूरच्या बाई आहे. हवा तपासायले आल्या." यात एक शब्द खोटा आहे का सांगा. मंग त्यानं पाहिलं, तोंडाले मास्क, हातात फाईल, सोबत टोपीवाले मारोतराव व्याही वायरवालं यंत्र घेऊन. आन् त्याच्यावर तुमी माझ्याशी खुद बोलत नव्हत्या, सारं व्याह्यांकडून विचारत होत्या. ते पाहून तर त्याची खात्रीच पटली. म्हणे, केवढी मोठी अफसर आहे, लोकाइशी डायरेक्ट बोलत बी नाही.

तुमची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तशा ताडपत्र्या निघाल्या. टँकर परत शेडमध्ये. विहीणबाई, वीस वर्षांत आमी अर्ज केले, मोर्चा नेला, आमदाराच्या दारी बसलो. डेपोत पाण्याचा टँकर आहे, हे आमाले सोमवारी समजलं! त्या दिवशी टोलीतल्या साऱ्या बायांनी घरातल्या साऱ्या चादरी धुतल्या. यमुताईनं तर गच्चीवर पापड टाकले. तिच्या सुनेनं लग्न होऊन आल्यापासून इथं पापड वाळतानी पाहिला नव्हता.

चूल आमच्याइकडे दोन वर्षांपासून नाही. गॅस आहे, तुमी रस्सा त्याच्यावरचाच खाल्ला. डेपोवाल्यांनी मागं एक फुकट तपासणीचं शिबीर घेतलं, त्यातला डॉक्टर बी असाच बोलला होता. बायाइले म्हणे चूल, माणसाइले म्हणे बिडी, आन् लेकराइले म्हणे हात धूत जा. कॅल्शियमच्या गोळ्या देऊन गेला.

आता मायाचं. चार वर्षांत पहिल्यांदा तुमच्या हातानं लिहून आलं का पोरीले घेऊन जा, आठ दिवस ठेवा. ते मी तीनदा वाचलं. पन्नीतून फ्राक काढून पाहिला. आन् आता मीच लिहून राहिली का पाठवू नका. तो हिरवा आकडा आमचा नव्हता, तुमचा होता.

एक इनंती आहे. दर सोमवारी येत जा ना. तोच चष्मा घालून.

प्रेमिला


प्रताप नगर
२७ एप्रिल

सौ. प्रेमिलाताई यांस,

मी तोतया अधिकारी! एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि म्हातारपणी फसवून शहाळं प्यायले! दोन दिवस झाले, हे हसत आहेत. मला "अफसर" म्हणून हाक मारतात आणि चहा मागतात.

मी पुन्हा येणार नाही. दर सोमवारी तर नाहीच नाही.

मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी फळे काळे होत, संडासाला कुलूप नसे आणि प्रयोगशाळेतला सांगाडा पुसला जाई. साहेब खूश होऊन शेरा लिहून जात. मी ते सगळं माझ्या हाताने केलेलं आहे, आणि तरी सोमवारी मला ओळखता आलं नाही. याचाच जास्त राग आला आहे.

तुमच्या खोकल्याबद्दल मी जे लिहिलं ते खोडून काढावं.

कौशल्या


प्रताप नगर
८ मे

प्रिय प्रेमिलाताई,

मंगळवारी तुम्ही कणकेच्या हातांनी धावत आलात, तेव्हा मी रागाने काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. म्हणून झालं ते नीट लिहिते.

मी कुणालाही न सांगता आले. ह्यांनाही नाही. बसने. चष्मा नाही, मास्क नाही, फाईल नाही. घरात नेसायची विटकी साडी, पायात चप्पल, आणि पिशवीत यंत्र. विचार केला, तपासणी करायची तर अशी.

फाट्यावर उतरून दहा पावलं चालले नाही तोच एक ट्रक अंगावरून गेला. उघडा. मागे काळा ढग. मी डोळे पुसत उभी राहिले तर दुसऱ्याचा ड्रायव्हर ओरडला, "ए बाई, हट ना बाजूले! मरतं का?" मला, प्रेमिलाताई! मुख्याध्यापकसुद्धा मला "कौशल्याताई, जरा येता का" म्हणत. पिशवीतल्या पिशवीत यंत्र किंचाळत होतं. बाहेर काढलं तर आकडा नऊशे नव्व्याण्णव. त्याला चौथं घरच नाही, असतं तर अजून वर गेला असता.

तशीच फाटकातून आत गेले. सुमंत खुर्चीत बसून मोबाईल पाहत होते. मी म्हटलं, "पाणी का मारत नाही?" मान वर न करता म्हणतो, "टोलीच्या बायांनी शनिवारी यायचं. आज टाइम नाही." मी म्हटलं, "मी टोलीतली नाही." तर म्हणतो, "सगळ्याच तसं म्हणतात."

शहाळं देणारा तोच माणूस! पंधरा दिवसांपूर्वी माझ्यासाठी खुर्ची पुसणारा! मी त्याला म्हटलं, "काहून गा? टोलीच्या बायाइले नाक नाही का?" (मी प्रमाण भाषा सोडून बोलले, याची नोंद घ्यावी.) तेव्हा त्याने चौकीदाराला हाक मारली, आणि चौकीदाराने मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांना वर्गाबाहेर काढलं. मला कुणी काढलं नव्हतं.

आणि मी "प्रेमिलाताई!" म्हणून ओरडले. ओरडायला दुसरं नावच सुचलं नाही.

तुम्ही माझं तोंड धुतलंत, माठातलं पाणी दिलंत. मी दोन पेले प्यायले. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, हे बरं झालं. पण मी आडवी पडले होते तेव्हा तुमचा खोकला ऐकत होते. तो दिवसभर थांबत नाही. तुम्ही हे अश्विनला का सांगितलं नाही? तुमची छाती तपासून घ्यायलाच हवी.

आणि मला एक सुचलं आहे. मायाला मी पाठवणार नाहीच. उलट यमुताईंच्या नातीला सुट्टीभर आमच्याकडे पाठवा. आमचा हॉल मोठा आहे. ह्यांनी गाद्या मोजल्या आहेत.

तुमची
कौशल्या

ता. क. अंबाझरीच्या बाजूला फिरायला गेले तेव्हा यंत्रात पाहिलं. एकाहत्तर. तुमच्या फाट्यावर नऊशे नव्व्याण्णव होता.


जुनी टोली
१३ मे

कौशल्याताईले जयभीम.

आता आपली बोलाचाली सुरू झाली, तरी मी पत्रच लिहिते. फोनवर तुमी मले बोलू देत नाही. काल बुद्धपौर्णिमेच्या खिरीची वाटी आमी रितिकाच्या हाती पाठवली, त्याच्यासाठी फोन केला, तर पाऊण घंटा तुमच्या भाषणाची तयारीच ऐकली. खीर कशी झाली ते राहूनच गेलं.

आधी यमुताईच्या नातीचं. तुमी मनानं बोलल्या, यमुताईच्या डोळ्यात पाणी आलं. पण ती पोरगी आली तर तिचा भाऊ येईन, मंग मागच्या घरचे तिघं. टोलीत लेकरं छत्तीस आहे. मारोतराव व्याही किती गाद्या मोजन? आन् सुट्टी सरली का पोरं इथंच येईन. मायाले आईबापाचं मनीषनगरचं घर आहे, म्हणून तिचं भागून राहिलं.

आता सुनावणीचं. सत्तावीस तारखेले तालुक्याले सभा आहे. डेपो दुप्पट मोठा करायचा आहे त्याहिले, पार आमच्या विहारापर्यंत. तुमी म्हणता का मी बोलीन, दहा पानाचं भाषण लिहून ठेवलं आहे. ताई, तुमाले वाईट वाटन, पण मी लिहिते. तुमी बोलू नका.

तुमी बोलल्या तर साहेब ऐकन, हे मले माहीत आहे. म्हणूनच नका बोलू. मागच्या सुनावणीत मी उभी राहिली, हेच सारं बोलली, आन् साहेब बाजूच्याले विचारत होता का चहा आला का. आता तेच तुमच्या तोंडून ऐकून त्यानं काम केलं, तर तो डेपोवाला एवढंच शिकन का नागपूरची बाई आली तर पाणी मारायचं. तुमी आजारी पडल्या, गावाले गेल्या, का मंग आमचं कोण?

तुमी माझ्या बाजूले बसा. चांगली साडी नेसून, चष्मा लावून. फक्त बसा. बोलीन मी.

अश्विनले माझ्या खोकल्याचं तुमीच सांगितलं ना? तो काल मले गाडीत घालून एक्स-रे काढायले घेऊन गेला. डॉक्टरनं पहिला सवाल केला, "चूल आहे का?" मी म्हणाली, "डेपो आहे." त्यानं पेन खाली ठेवला आन् पहिल्यांदा सारं विचारून घेतलं. छातीच्या नळ्या सुजल्या आहे. औषध बरेच महिने घ्या लागन. म्हणे, जागा बदलून पाहा. मी म्हणाली, कोणाची?

प्रेमिला


प्रताप नगर
१६ मे

प्रिय प्रेमिलाताई,

तुमचं पत्र वाचून मी भाषण कपाटात ठेवलं. दहा नव्हे, चौदा पानं झाली होती. शेवट विशेष चांगला होता.

दुपारी जेवले नाही. संध्याकाळी जेवले. तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे मी एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नये.

मी गप्प बसेन. हे म्हणतात, ते पाहायला ते सुट्टी काढून येणार आहेत. निवृत्त माणसाला सुट्टी कशी काढता येते ते मी विचारलं नाही. आत्तापासून सराव करते आहे.

औषधं वेळेवर घ्या. खीर छान होती.

तुमची
कौशल्या


जुनी टोली
३० मे

कौशल्याताईले जयभीम.

तुमचा घसा कसा आहे? मले लय घोर लागला आहे. त्या दिवशी तुमी फाट्यावर जी धूळ खाल्ली, तिनंच तुमचा आवाज गेला, असं मी साऱ्याइले सांगत सुटली. हळद टाकून दूध घ्या आन् बोलू नका.

आवाज नाही म्हणून तुमी सुनावणीतून दुपारीच निघून गेल्या, तर पुढचं सांगते. सकाळचं बी सांगते, काहून का मले ते पुन्हा पुन्हा लिहावं वाटते.

तो शिबिराचा डॉक्टर बोलून बसला का टोलीत खोकला आहे तो चुलीचा, बिडीचा आन् अस्वच्छतेचा. मंग मी हात वर केला. साहेबानं माझा हात पाहिला, आन् तुमाले विचारलं, "बोला मॅडम." तुमी घशाले हात लावून मान हलवली. मी उभी राहिली. तर तो म्हणे, "थांबा, आधी मॅडमचं होऊ द्या." तुमी कागदावर लिहून दाखवलं, "आवाज गेला आहे. प्रेमिलाताईंना विचारा." तिसऱ्यांदा त्यानं तुमाले पाण्याचा गिलास पाठवला आन् वाट पाहत बसला. तुमी गिलास माझ्यापुढं सरकवला. मंग त्याले माझ्याकडे पाहाच लागलं.

मी म्हणाली, "साहेब, एकवीस एप्रिलले ह्या बाई माझ्या घरी जेवायले आल्या. ह्या माझ्या विहीण. डेपोवाल्यानं त्याहिले तुमच्यासारखं कोणीतरी समजून दिवसभर पाणी मारलं, ट्रक झाकले. त्या दिवशी टोलीतली माणसं तीच होती. ज्याहिच्या घरी चूल आहे त्याहिची चूल पेटली होती. माझ्या मालकानं नेहमीसारख्या चार बिड्या ओढल्या..." तर मागून अश्विनचे बाबा ओरडले, "पाच!" सारी सभा हासली. मी म्हणाली, "पाच. तरी आकडा शेहेचाळीस. आन् सहा मेले पाणी नाही मारलं, तर नऊशे नव्व्याण्णव. दोन्ही दिवसाच्या आकड्याचे फोटो आहे. बिडी तीच, चूल तीच, साहेब. फरक टँकरचा आहे. मंग आता डॉक्टरले विचारा, हे औषध त्यानं शिबिरात काहून नाही लिहून दिलं?"

सुमंत तुमच्याकडे पाहत होता. तुमी चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. तवापासून त्यानं मान वर केली नाही.

साहेबानं चहा मागवला नाही. लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं सांगितलं: डेपो मोठा करायची परवानगी थांबवली. टोलीच्या अंगाले टीनाच्या पत्र्याची उंच भिंत लावा. ट्रक झाकल्याबिगर हलवायचा नाही. पाणी रोज दोनदा मारायचं, आन् मारलं का नाही हे टोलीतल्या तीन बाया सांगतीन. मी, यमुताई आन् यमुताईची सून. साऱ्या टोलीची छाती सरकारी दवाखान्यात तपासायची. डेपो हलवायचं विचारलं, तर म्हणे ते माझ्या हातात नाही. कोणाच्या हातात आहे म्हणाली, तर म्हणे अर्ज करा. तो मी काल केला.

टीन अजून आलं नाही. मायाले आता पाठवू नका, टीन लागल्यावर मी सांगीन. पण पाणी मारणं सुरू झालं. आज सकाळी सुमंत खुद दारात आला. "प्रेमिलाबाई, पाहून घ्या, झालं." मी म्हणाली, "मागच्या बाजूनं राहिलं." गेला बिचारा पाइप ओढत.

१ जून

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं लिहिते. आता रितिकाचा फोन आला होता. मी तिले विचारलं, तुझ्या आईचा घसा आला का ठिकाण्यावर? ती म्हणे, कोणता घसा? आई तर त्या दिवशी गाडीत बसली तेव्हापासून प्रताप नगर येईपर्यंत एकटीच बोलत होती, बाबांनी शेवटी रेडिओ मोठा केला.

मी फोन ठेवला आन् ओट्यावर बसून राहिली. अश्विनच्या बाबानं विचारलं, काय झालं, काहून हासून राहिली आन् काहून रडून राहिली? मी म्हणाली, तुमाले नाही समजणार.

ताई, पुढची सुनावणी ऑगस्टात आहे. घशाले जपा. तवा बी असाच बसला पाहिजे.

तुमची
प्रेमिला